टिच बटणाचं मशीन आणि आम्ही तिघी

शिवणकाम करणाऱ्या बायका बसतात तिथे चिंध्या आणि किस्से दोन्ही साठतात. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्स्यांचं काय करायचं? म्हणून सांगते.

घाटकोपरला डोंगराच्या अंगाला विमलताईंची खोली आहे. तिथे आम्ही तिघी तान्ह्या बाळांची झबली शिवतो. विमलताई वयाने मोठ्या, कटिंग त्यांचं. रेश्मा माझ्याच वयाची, पण जीभ कात्रीसारखी. तिसरी मी, कविता. माझा शौर्य दहा महिन्यांचा. जमिनीवर दिसेल ते तोंडात! हल्ली गिऱ्हाइकांना झबल्याला टिच बटणंच लागतात. ती आम्ही नाक्यावरच्या एकाकडून हातोडीने ठोकून आणायचो.

एका दुपारी शौर्य फारच गप्प बसला. पोर गप्प म्हणजे मला संशय. गालात बोट घातलं, तर आतून बटण निघालं! आमच्याच झबल्याचं. 

विमलताई म्हणाल्या, "बास! आता बटणं दाबून बसवायचं आपलं स्वतःचं हातप्रेस घ्यायचं. पण स्वस्तातलं हं."

मी म्हटलं, "घ्या स्वस्तातलं. पण बटण बाळाच्या तोंडात जाता कामा नये."

रेश्मा म्हणाली, "मग दोन मशीनं बघावी लागतील. एक स्वस्त आणि एक चांगलं!"

* * *

पहिलं मशीन रेश्माने मोबाइलवर शोधलं. फोटोत केवढं मोठं, निळं चकचकीत! खाली लिहिलेलं, 'आयुष्यभराची गॅरंटी.'

मी विचारलं, "कुणाच्या आयुष्याची? आपल्या की मशीनच्या?"

"तुला ना, देवाने फोटो पाठवला तरी संशय येईल!"

चार दिवसांनी पार्सल आलं. मी हातात घेतलं, तर शौर्यच्या खुळखुळ्याएवढं हलकं. उघडलं तर काय, पक्कड! साधी, चिमटीत धरायची पक्कड.

रेश्माने पक्कड मोबाइलवरच्या फोटोशेजारी धरून पाहिली. मग म्हणाली, "फोटो जवळून काढला असेल."

* * *

मग बोरिवलीला मशीनच्या एका दुकानात गेलो. दुकानदार एकदम उत्साही. जीन्सचा तुकडा घेतला, हँडल खाली दाबलं, खट्! बटण बसलं ते असं की तिघींनी ओढलं तरी हलेना. विमलताई खूश. मला मात्र त्या जीन्सचाच संशय आला. मी पिशवीतून मलमलचा तुकडा काढला. "यावर मारा."

त्याचं तोंड उतरलं. मारलं. मी नखाने जरासं उचललं, तर बटण माझ्या हातात आणि मलमलला भोक!

"मॅडम, एवढं पातळ कापड घालतं कोण?"

"चार महिन्यांची माणसं घालतात!"

"त्याला बटण दाबायचा साचा वेगळा लागतो. तो वेगळा घ्यायचा. खालचा साचा पण वेगळा."

विमलताईंनी शांतपणे विचारलं, "दादा, हँडल तरी मशीनबरोबर येतं ना?"

* * *

जोगेश्वरीला एक बंद पडलेला कारखाना मशीनं विकत होता. तिथला माणूस सांगायला लागला, "नव्यासारखंच आहे. एकाच बाईने वापरलंय, तेही अगदी हळुवार हाताने."

मशीन खरंच चमकत होतं. हेच मला खटकलं. मी केसातली पिन काढून कोपऱ्यात खरवडलं. हिरव्या रंगाखाली लाल, लालखाली काळा. आणि हँडल तर चक्क वाकलेलं!

रेश्माने त्याला विचारलं, "ती हळुवार बाई कुस्ती खेळायची काय?"

* * *

शेवटी वाकोल्याला एका म्हाताऱ्या काकांकडे गेलो. त्यांना टेलरिंग बंद करायचं होतं. मशीन जुनं, काळं, रंग उडालेलं. काका त्याची तारीफच करेनात! आतापर्यंत सगळ्यांनी तारीफ केली होती. हा माणूस गप्प, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय.

मी विचारलं, "काय खराब आहे याच्यात?"

"काही नाही."

"खरं सांगा ना काका."

"आवाज करतं."

"अजून?"

"जड आहे. बोट सांभाळा."

"अजून?"

काका चिडले. "बाई, मशीन घ्यायला आलात की माझी चौकशी करायला?"

रेश्मा माझ्या कानात म्हणाली, "गप बस, नाहीतर हा आपल्यालाच मोडीत घालेल!"

मी मलमल पुढे केली. काकांनी ती दुहेरी केली, मध्ये जाड पट्टी घातली आणि हँडल दाबलं. एक टोक रेश्माने धरलं, एक मी, आणि दोघींनी जीव खाऊन ओढलं. टर्रकन कापड फाटलं. बटण जागच्या जागी!

रेश्मा म्हणाली, "चल, आता कापडावर संशय घे."

घेतलं मशीन.

* * *

महिनाभरात ढीगभर झबली तयार झाली. एक दिवस एक बाई आली, पोटुशी, दिवस भरत आलेले. तिचं पहिलंच बाळंतपण. प्रत्येक झबलं उलटंपालटं करून बघत होती. मी उत्साहाने सांगायला लागले. मशीन कसं जड आहे, कापड कसं दुहेरी आहे, बटण कसं जन्मात निघणार नाही. विमलताईंनी दोन झबली ओढून दाखवली. रेश्माने तर एक दाराच्या कडीला लटकवून दाखवलं!

बाई मान हलवत होती. तेवढ्यात शौर्य रांगत आला आणि माझा गाऊन धरून उभा राहिला. त्याच्या अंगात मी घरी हाताने शिवलेलं झबलं होतं. बाजूला कापडाचे तीन बंद गाठ मारून बांधलेले, बटण एकही नाही.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हातातली झबली नीट घडी करून विमलताईंच्या पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाली,

"ताई, तुमच्या बाळाच्या अंगात आहे ना, तसलं दाखवा."