शहागंजच्या माडीवरचे बेवडे

दारू पिणाऱ्याचे किस्से गावभर होतात. सोडणाऱ्याचे कुणी सांगत नाय, कारण सांगायचे कुणाला? घरचे ऐकून थकलेले, दोस्त केव्हाच उठून गेलेले. मग ते साचत जातात, माळ्यावरच्या भांड्यांसारखे. तर बसा, चहा येतोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. माझी पोरगी स्वाती लग्नाची. दोन स्थळं आली, दोन्ही चौकशीतच फिरली. "पोरगी सोन्यासारखी हाय, पण बाप पितो." शहागंजात माझं मोटार वायंडिंगचं दुकान, चौकशीला लांब जायची गरजच नाय! दुसरं स्थळ मोडलं तेव्हा पोरगी खाली बघत म्हणाली, "बाबा, पुढच्या टायमाला पाहुणे आले, तर तुम्ही घरी नसलात तरी चालेल."

रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. मी दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप शोधायला निघालो तो त्या वाक्यामुळं.

*

पण शोधायचा कसा? विचारायचीच लाज! कुणीतरी सांगितलं, बाजाराच्या मागं एका माडीवर संध्याकाळी मीटिंग असते. तोंडाला रुमाल बांधून वर चढलो आणि डावीकडच्या खोलीत शिरलो. बरीच माणसं बसलेली, पुढं एक टायवाला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर बायकोपोरांचं काय?"

मी हमसून हमसून रडायला लागलो. सगळं ओकून टाकलं. मोडलेली स्थळं, बायकोचे हाल, सगळं! शेजारच्यानं पाणी दिलं. टायवाल्यानं पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमची मीटिंग समोरच्या खोलीत. हे विमा एजंटांचं ट्रेनिंग आहे."

दारापर्यंत सोडायला आला, तेवढ्यात आपलं कार्ड माझ्या खिशात घातलंच पठ्ठ्यानं!

*

समोरच्या खोलीत चहाचं काम सलीमभाईंकडं. त्यांचं गाद्यांचं दुकान. मला बघून म्हणाले, "आओ मियाँ, बैठो. शरमाओ नक्को, यहाँ सब लेटच आए!"

त्यांनी आईला शब्द दिला होता, ईदपासून सोडतो. कुठल्या ईदपासून, ते मात्र सांगितलं नव्हतं! म्हातारी दर ईदला शीरखुर्म्याची वाटी देताना हळूच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि आत जायची.

"अब छोड़ दिया," सलीमभाई कप विसळत म्हणाले, "तो सूँघनेवालीच नहीं रही."

त्या दिवशी चहा कुणालाच गोड लागला नाय.

*

सोपानमामा बिडकीनकडचे, मेंढरं राखणारे. दारू सोडल्यावर पहिल्यांदा ते सरळ चालत घरी गेले, तर त्यांचंच कुत्रं अंगावर आलं! रोज झोकांड्या खात येणारा मालक त्याला माहीत, हा नीट चालणारा कोण?

मामा ओरडले, "अगं, कुत्रं आवर! मी हाय!"

आतून मामी म्हणाली, "कोण मी? आमचा माणूस शिवी दिल्याबिगर हाक मारत नाय!"

आम्ही पोट धरून हसलो. मामाबी हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "जल्मभर शिव्याच ऐकल्या रं तिनं."

*

जाधवांचं लई थोडक्यात. जमीन कारखान्याला गेली, मोबदला बाटलीत. आता त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. म्हणतात, "जिथं उभा राहून सलाम ठोकतो ना, तिथं माझ्या बापाची विहीर होती."

यावर कुणी हसत नाय.

*

आता शेवटचा. आमच्या मीटिंगमध्ये एक रीत आहे. बोलायचं तर उभं राहायचं, नाव सांगायचं आणि लगेच 'मी बेवडा आहे' म्हणायचं. सगळे नाव घेऊन 'नमस्कार' म्हणतात, मग पुढचं बोलणं. जिभेला असं वळण पडतं, की रेशनच्या रांगेतसुद्धा तोंडातून निघायला बघतं!

तिसरं स्थळ आलं जालन्याचं. या वेळी स्वातीनं स्वतः माझ्या शर्टाला इस्त्री केली. म्हणाली, "बाबा, तुम्ही पुढं बसा." बायको सुमन मात्र कानाशी येऊन पुटपुटली, "आवं, नाव सांगा, दुकान सांगा, अन् गप बसा."

पोहे सुरू झाले. मुलाचे वडील करड्या आवाजाचे, कपाळाला गंध. म्हणाले, "पाव्हणं, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी तोंडात टाकत नाय. आता तुमची वळख होऊ द्या."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. अशा वेळी माणूस सवयीचंच करतो. मी ताडकन उभा राहिलो आणि हात जोडले.

"मी विष्णू. मी बेवडा आहे."

सुमनच्या हातातला चहाचा ट्रे खडखडला. पडद्याआडून स्वाती आत पळाली. मुलाचा मामा चपला शोधायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पोरीचं तिसरं स्थळबी मीच घालवलं, तेबी न पिता!

आणि तेवढ्यात मुलाचे वडील, मान खाली, पोह्यांचा चमचा हातात तसाच, खणखणीत आवाजात बोलून गेले,

"नमस्कार, विष्णू!"