नाल्याकाठची पट्टी आणि माझा अर्ज

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे आमची चाळवस्ती. वस्ती आणि रेल्वेची भिंत यांच्या मधून एक नाला जातो. नाला रुंद केला तेव्हा काढलेली माती ठेकेदार कडेलाच टाकून गेलेला. दोन पावसाळ्यांत ती दबून सपाट झाली आणि एक लांबट पट्टी तयार झाली. ती कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं. वस्तीतली पोरं तिथे क्रिकेट खेळायची, कोणीतरी फेकलेल्या सोफ्यावर बसून मोबाइल बघायची. आम्ही मुली तिथून फक्त जायचो, तेही भराभर.

मी तेव्हा कल्याणला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शेजारच्या खोलीतली माझी मैत्रीण शाळेत कबड्डी खेळलेली. चढाईला तिच्यासारखी दुसरी नव्हती. शाळा सुटली आणि तिचं खेळणंही सुटलं. एकदा नळावर हंडा भरताना ती म्हणाली, "आपण त्या पट्टीवर खेळूया ना."

"पोरं देतील?"

"तू विचार. तुला बोलता येतं."

मी भांडायच्या तयारीनेच गेले. जागा काय तुमच्या बापाची आहे का, वगैरे वाक्यं मनात जुळवलेली. त्यांच्यातला सगळ्यात मोठा रिक्षा चालवायचा. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले, "आम्हाला पण खेळायचंय. पाच ते साडेसहा."

त्याने सोफ्यावरचे पाय खाली घेतले. "मग खेळा की. विचारते काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर काचा वेचून झालेल्या आणि चुन्याने मधली रेघही आखलेली. मी जुळवलेलं भांडण माझ्याकडेच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण चुकीच्या घरात शिरल्यासारखं वाटत राहिलं.

आम्ही आठ-नऊ जणी जमायला लागलो. त्या वेळात पोरं खेळायची नाहीत, पण जायचीही नाहीत. सोफा भिंतीकडे सरकवून बसायची. बाहेरचा कोणी थांबून बघायला लागला, की त्यांच्यातला एखादा "काय काम आहे?" म्हणत उठायचा. पण आमची राखण करता करता ती स्वतःही आम्हाला बघतच असायची. ही राखण होती की दुसरं काही? मी मैत्रिणीला विचारलं.

"दोन्ही असेल," ती म्हणाली आणि केस बांधून चढाईला गेली.

आईला मात्र काहीच शंका नव्हती. "तिथे पोरं असतात."

"अगं, आपल्याच गल्लीतली आहेत."

"म्हणूनच."



मग चाळीतल्या बायकांनीच ठरवलं, वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचा. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून लिहिलं: मुलींना खेळण्यासाठी सुरक्षित जागा, दिवे आणि कुंपण मिळावं. मैत्रिणीने पहिली सही केली. रिक्षावाल्यानेही केली. "दिवे आले तर बरंच आहे," म्हणाला.

बरेच महिने काही झालं नाही. आणि मग अचानक सगळंच झालं. जेसीबी आला, सोफा गेला, माती गेली. लादी बसली, बाकडी आली, हिरवळीचा तुकडा आला, दिवे आले, कुंपणही आलं. फाटकावर पाटी लागली: येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.

मी अर्जाची झेरॉक्स घेऊन ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने ती नीट वाचली. "सुरक्षित लिहिलंय ना? झाली की सुरक्षित."

"पण खेळण्यासाठी लिहिलेलं."

"खेळताना कोणाला लागलं तर जबाबदार कोण? तुम्ही?"

मी झेरॉक्स घडी करून परत आणली. आमचा खेळ बंद पडला. पोरं काही दिवस पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर बसायची, तिथून हाकलली तेव्हा पांगली. एकदा मी त्या रिक्षावाल्याच्याच रिक्षात बसले. उतरताना त्याने विचारलं, "तू अर्जात नक्की काय लिहिलेलंस?"

"खेळायला जागा."

"हं," एवढंच म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

आणि याच दिवसांत आई तिथल्या नव्या बाकड्यावर जाऊन बसायला लागली. वीस वर्षं तिचं बाहेर जाणं म्हणजे नळ, भाजीबाजार आणि दवाखाना. आता संध्याकाळी कुकर उतरवला, की ती साडी सारखी करून निघायची. एक दिवस कुंपणाबाहेरून जाताना मला कोणीतरी खदखदून हसताना ऐकू आलं. बघितलं तर आई. घरात ती अशी हसलेली मला आठवेना. त्या पाटीचा राग मनात घेऊनच मी चाललेले. तो आता कुठे ठेवायचा, तेच कळेना.

दोन वर्षांनी कल्याणच्या स्कायवॉकवर मैत्रीण भेटली. तिचं घर बदललेलं, डोंबिवलीत कपड्यांच्या दुकानात नोकरीला लागलेली. इतके दिवस मनात असलेलं मी बोलून टाकलं, "माझ्या अर्जामुळे तुझी कबड्डी गेली."

ती हसली. "वेडी आहेस का? कबड्डीचा मला तेव्हा कंटाळाच आलेला. गुडघे फुटायचे नुसते. मला फक्त दीड तास घराबाहेर पाहिजे होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"घरी काय सांगणार, नुसतं बाहेर बसायचंय म्हणून?"

हे खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून ती म्हणत होती? तिच्या चढाया मी पाहिलेल्या. कंटाळलेली माणसं तशी खेळत नाहीत. पण तिच्या मनातलं मला तेव्हा तरी कुठे कळत होतं?

तिने माझा नवीन नंबर घेतला. "मंगळवारी दुकान बंद असतं. भेटू."

"कुठे?"

ती विचार करायला लागली. मीही. मागून येणारी माणसं आम्हाला धक्के देत होती, आणि दोघींनाही जागा काही सुचत नव्हती. शेवटी "फोन करते" म्हणून ती निघाली.