धूरमावशी आणि उडालेला रंग

आमच्या शिलाई कारखान्याच्या कँटीनमधल्या मावशीला सगळे धूरमावशी म्हणतात. कढईवर झाकण ठेवून ती तेल असं तापवायची, की झाकण उचललं की समोरची खिडकी दिसेनाशी व्हायची. "धूर नाही तर चव नाही!" हा तिचा कायदा, आणि त्यावर अपील नव्हतं.

शिवणाऱ्या बायकांच्या डोळ्यांसाठी आम्ही युनियनवाल्यांनी भांडून लाल तेल आणवलं. पामच्या फळांचं, रिफाइंड न केलेलं, लालभडक. त्या लालीतच कॅरोटीन असतं, शरीर त्याचंच अ जीवनसत्त्व करतं. मी मावशीला बजावलं होतं, "आच मंद ठेव. हा रंग जाळाला भितो."

"मग बाहेर जाऊन बस म्हणावं त्याला!"

व्हायचं तेच झालं. मॅनेजर जेवायला बसला, तर ताटात बटाट्याच्या फोडी पांढुरक्या. "लाल तेल कुठंय मावशी? घरी पोचलं वाटतं?"

माझी तर तळपायाची आग मस्तकात! बाकावर चढलेच मी. मावशीनं हाताला धरून खाली ओढलं. "उतर गं. चोर मला म्हणालेत, तुला नाही."

आता आली का पंचाईत? चोर ठरायचं नसेल, तर जन्मभराचा धूर चुकला म्हणायचं! मावशीनं मॅनेजरसमोर दोन कढयांत लाल तेल ओतलं. एक मंद आचेवर, दुसरी झाकण घालून, आपल्या नेहमीच्या तऱ्हेनं. जेवणं टाकून बायकांनी कुस्ती बघावी तसं कोंडाळं केलं.

बऱ्याच वेळानं झाकण उचललं. धूरच धूर! मॅनेजरचा चष्मा धुरकटला, सगळ्यांना ठसका लागला, आणि खाली तेल? फिकं, वाळल्या गवताच्या काडीसारखं. शेजारच्या कढईतलं मात्र लालेलाल.

"उडाला, उडाला!" टाळ्याच पडल्या.

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! तुमचं जीवनसत्त्व मी आढ्याला फासत होते की!"

"म्हणजे... घरी नाही नेलं," मॅनेजर खोकला.

"नेलं असतं, तरी जाळलंच असतं ना!"

हसून हसून आमच्या पोटात कळा. मॅनेजरनं हळूच माफी मागितली.

"ऐकू नाही आलं, फार गोंधळ आहे," मावशी म्हणाली. "मोठ्यानं मागा."

मागितली की त्यानं!