तेल घेणारी मशीन आणि गयाचा कौल

विलायतेत शिकून मी वसमतला दवाखाना टाकला, तेव्हा वाटलं होतं, इथं औषधं साठवावी लागतील. साठले ते किस्से! बहुतेक एकाच वस्तूमुळे: तिकडून आणलेली जुनी सोनोग्राफीची मशीन. गरोदर बाईची वार, म्हणजे प्लॅसेंटा, कुठं चिकटलीय हे आधीच दिसावं, बाळंतपणात रक्त जाऊन एकही बाई मरू नये, एवढंच माझं वेड.

पोटावर तेल लावल्याशिवाय मशीनमध्ये काही दिसत नसे. बाटली संपली, म्हणून मी एकीला घरून तेल आणायला सांगितलं. पुढच्या शनिवारी दारात ही रांग! प्रत्येकाच्या हातात वाटी. त्यात एक पैलवान.

"तुमचं काय दुखतंय?"

"काईच न्हाई. शनिवार हाय, मशिनीला तेल वाहून जातो!"

* * *

समोर पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की मशीन थरथरायची आणि पडद्यावरचं चित्र नाचायचं. एक आजी हरखून म्हणाली, "बापाचा बँड हाय ना, त्याच्यावरच गेलं लेकरू!"

* * *

एकानं तर म्हैसच दारात बांधली. "व्याली, पण वार पडून न्हाई राहिली हिची. जरा बघा."

"अहो, ही माणसांची मशीन आहे!"

"मग? ती बी घरातलीच हाय!"

* * *

आणि जवळा बाजार गावची गया. पहिलं लेकरू सिझरनं झालेलं. या वेळी मशीनमध्ये वार दिसली ती बरोबर जुन्या टाक्यांवर. तिथं ती रुतलेली असली, तर सुटताना रक्त थांबणार नाही. मी कळवळून सांगितलं, "कळा सुरू व्हायच्या आधी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. इथं हिला वाचवता येणार नाही."

सासरा म्हणाला, "आमच्यात देवीचा कौल घेतल्याबिगर पोटुशी बाई बाहेर मुक्कामाला जात न्हाई."

"मग घ्या!"

"देवी तर गावात राहिली. ह्या मशिनीचाच घेऊ. तेल घेतीच की ही!"

गयाच्या वेणीतली दोन फुलं त्यानं तेलानं मशीनला चिकटवली. उजवं आधी पडलं तर नांदेड, डावं पडलं तर घर. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मी, विज्ञानाचा माणूस, फुलांकडे टक लावून उभा!

तेवढ्यात गिरणी सुरू झाली. मशीन थरथरली. डावं फूल घसरायला लागलं.

गयाच्या सासूनं एक डोळा उघडला. अंगठ्यानं डावं फूल घट्ट दाबलं, उजवं अलगद उपटून खाली टाकलं आणि माझ्याकडे बघून पुटपुटली, "काहून बघून राहिले, डाक्टर? डोळे मिटा की!"

मी मिटले.

"उजवं पडलं!" सासरा ओरडला. "चला नांदेडला!"