महादू कुबलांनी घासलेली ताटं

देवळाच्या भांड्यांच्या खोलीची चावी माझ्याकडे असते, म्हणून त्या सकाळी कुलूप मीच उघडलं. मागे वाडीतली दहा-बारा बायका-माणसं होती. मार्गशीर्षातल्या समाराधनेला चार दिवस उरले होते. त्या दिवशी आमच्या वाडीत साताठशे माणूस जेवतं. दार ढकललं तसे देऊळ समितीचे अध्यक्ष भिकाजी माझ्या खांद्यावरून आत डोकावले आणि म्हणाले, "अरे देवा! ह्या काय झाला?"

स्टीलची साडेतीनशे ताटं, सहा मोठे टोप, बादल्या, डाव, सगळ्यावर तपकिरी ठिपके फुटले होते. काही ताटांवर निळे-जांभळे पट्टे, टोपांच्या बुडाला काळी खरपूड. पावसाळ्यात कौल सरकून खोली गळली, हे एक कारण. दुसरं कारण मी. गेल्या वर्षी समाराधना आटपल्यावर काम लवकर उरकावं म्हणून देवगडहून फरशी धुवायचं ॲसिड मीच आणलं होतं, आणि तारेच्या घासण्याही. धुवायला पाणी घेतलं ते खाडीकडच्या मचूळ विहिरीचं. भांडी ओली असतानाच रचली आणि कुलूप लावलं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, पण मी काही बोललो नाही.

"घाला भंगारात," भिकाजी म्हणाले. "कणकवलीच्या केटररकडसून भाड्यान आणूया."

कुणी हो म्हटलं नाही. त्या प्रत्येक ताटाच्या काठावर नाव कोरलेलं आहे. वाडीतली माणसं गेली की घरचे त्यांच्या नावानं देवळाला ताट देतात. शेजारच्या शर्मिलावहिनींनी त्यांच्या सासूबाईंचं ताट शोधून काढलं आणि पदरानं जोरात पुसलं. ठिपके हलले नाहीत.

सगळ्यांच्या मागे महादूकाका उभे होते. महादू कुबल. आयुष्याची एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर काढलेला माणूस. वर्षात दोन-तीन महिने घरी यायचे तेव्हा इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, आणि अख्ख्या वाडीच्या पोरांना चॉकलेटं. ते बोटीवर स्टुअर्ड आहेत, सायबांच्या जेवणखाणाची व्यवस्था बघतात, असं वाडीत सगळे म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी भिकाजी त्यांना 'स्टुअर्डसाहेब' म्हणूनच हाक मारत.

ते पुढे आले. एक ताट उचलून उजेडाकडे तिरकं धरलं, नखानं एक ठिपका खरवडून बघितला.

"ह्या एक मी घराक नेतंय," एवढंच म्हणाले आणि ताट काखेत मारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर समिती जमली होती, बायकाही आल्या होत्या. केटररला फोन करायचा का, यावर बोलणं चाललं होतं. काका आले आणि ताट त्यांनी भिकाजींच्या हातात दिलं. भिकाजींनी ते उलटसुलट करून बघितलं. एकही ठिपका नव्हता. काठावरचं नाव तर नुकतंच कोरल्यासारखं दिसत होतं.

"खंयची पावडर लावलात?"

"पावडर नाय. खायचो सोडो, बिंबलीचो रस आणि हात."

बिंबली म्हणजे आमच्याकडे प्रत्येक परसात खोडालाच लगडणारी हिरवी आंबट फळं. लोणच्याला आणि माशांच्या आमटीला घालतो, त्यापलीकडे कुणी तिचा विचार केला नव्हता.

"पण स्टुअर्डसायबांक ह्या कसा ठावक?" भिकाजी हसत म्हणाले.

काका मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी स्टुअर्ड नव्हतंय, भिकाजी. मी बोटीर भांडी घासी होतंय. एकतीस वर्सां. तुमी सगळे स्टुअर्ड म्हणालात, मी गप ऱ्हवलंय. चूक माझी."

मागून कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात बायकांमधून सुगंधाकाकू, काकांच्या पत्नी, पुढे झाल्या.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्याच वर्सा. तुमची बोटां बघितलंय मी. साबणान सोललेली. सायबाची बोटां तशी नसतत."

"मगे बोललंस नाय ती?"

"तुमी सांगशात म्हणान वाट बघी होतंय."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग ते समितीकडे वळले. "तीन दिवस आसत. भांडी मी करून देतंय. पण ॲसिड नको, तार नको आणि खाडीकडच्या बावीचा पाणी नको. पाणी वरच्या वाडीतसून आणूचा."

तेव्हा मला गप्प राहवेना. "काका, गेल्या वर्सा ॲसिड मीच आणललंय."

"ठावक आसा रे, सर्वेशा," ते म्हणाले. "नारळाच्या सोडणाचो काथ्यो घे आणि बस."

देवळाच्या अंगणात फळ्या मांडल्या. वाडीतल्या बायका आल्या. त्यांच्या मागून पुरुष नुसते बघायला आले, त्यांनाही काकांनी सोडलं नाही. ज्याच्या घरी बिंबलीचं झाड होतं त्यानं टोपलीभर आणून दिली. काका प्रत्येकासमोर उकिडवे बसून दाखवत होते. तपकिरी ठिपक्यांवर बिंबलीचा रस लावायचा आणि थोडा वेळ थांबायचं, मग ओल्या सोड्याचा लेप देऊन मऊ फडक्यानं चोळायचं. निळ्या-जांभळ्या पट्ट्यांना नुसता आंबट रस पुरे. टोपाचं जळकं बूड खरवडायचं नाही, सोडा घालून पाणी उकळायचं आणि सुटलेली खरपूड लाकडी उलथण्यानं काढायची. आणि शेवटी गोड्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं पुसायचं, ताट आपोआप वाळायची वाट बघायची नाही.

"तार कित्याक नको, काका?" शर्मिलावहिनींनी विचारलं.

"तारेचे बारीक कण स्टीलात रुततत. मगे तेच गंजतत, आणि आपण म्हणतो स्टील गंजला."

हात चालू असताना ते बोटीवरचं सांगू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचा कुक गोव्याचा होता. टोपाच्या बुडात स्वतःच्या मिशा दिसल्याशिवाय तो टोप ताब्यात घेत नसे. एकदा युरोपातल्या एका बंदरात आरोग्य खात्याचा साहेब बोटीवर चढला. हातात पांढरा रुमाल घेऊन त्यानं स्वयंपाकघरातलं एकेक भांडं पुसून बघितलं. रुमाल पांढराच राहिला. हे कुणी घासलं, असं त्यानं विचारल्यावर कुकनं महादूकाकांकडे बोट केलं. "माझे हात साबणान भरलले," काका म्हणाले, "तरी तेणां हात मिळवल्यान. घट्ट."

"आणि ह्या तुमी आमका आता सांगतात?" वहिनी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांची मुलगी रसिका आली. ती कणकवलीला सरकारी कचेरीत नोकरी करते. एसटीतून उतरून तशीच देवळाकडे आली आणि अंगणाच्या कडेला थबकली. वडील गंजीफ्रॉकवर, कोपरापर्यंत ओले, समोर टोप पालथा घातलेला. कुणीतरी तिला वाटेतच सगळं सांगितलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"माका कधीच सांगलात नाय, बाबा."

"लाज वाटी होती."

"कामाची?"

"नाय गो. कामाची कधीच नाय वाटली. सांगूची वाटी होती."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा निघून जाईल. तिनं पर्स देवळाच्या कठड्यावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"खंयच्या दिशेन घासूचा?"

"स्टीलाक बारीक रेघा असतत, बघ. त्या रेघेबरोबर. आडवा घासलंस तर चरे पडतले."

सहा टोपांपैकी एक मात्र वाया गेला. ॲसिडनं त्याच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डेच पाडले होते. काकांनी तो बराच वेळ हातात फिरवला. "डाग जाता, खड्डो जाय नाय," म्हणाले आणि टोप बाजूला ठेवला. त्यांनी स्वतः सांगितलं नसतं तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझी मान खाली गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, एवढे मात्र त्यांचे उपकार.

समाराधनेला पानं मांडली तेव्हा ऊन सरळ मांडवात येत होतं आणि साडेतीनशे ताटं अशी लखलखत होती की मुंबईहून आलेले चाकरमानी नवीन घेतली का म्हणून विचारत होते. जेवायला बसण्याआधी जो तो आपल्या माणसाचं नाव शोधत होता. काळे वाटाणे, वरणभात, वडे, खीर. भिकाजींनी पहिली पंगत बसायच्या आधी काकांना हाताला धरून पुढे आणलं आणि माईकवर म्हणाले, "ही ताटां आमच्या महादू कुबलान घासलेली आसत." 'स्टुअर्डसाहेब' म्हणाले नाहीत. नुसतं 'आमच्या महादू कुबलान' म्हणाले. काकांनी सगळ्यांना हात जोडले आणि लगेच वाढायला गेले.

त्या संध्याकाळी भांडी काकांच्या देखरेखीखाली धुतली गेली. खोलीचं कौल बसवलं, खाली लाकडी फळ्या ठोकल्या, आणि चावी माझ्याकडेच राहिली, तरी कोरडं पुसलंय हे काकांनी बघितल्याशिवाय कुलूप लागत नाही.

फेब्रुवारीत ही गोष्ट ऐकून बांद्याच्या महिला मंडळानं त्यांना भांडी घासायची रीत दाखवायला बोलावलं. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "आपली ओळख काय म्हणून करून देऊ? मर्चंट नेव्ही?"

"एकतीस वर्षं बोटीवर भांडी घासणारा," काका स्वच्छ मराठीत म्हणाले. "तसंच सांगा."

बाईंनी तसंच सांगितलं. टाळ्या पडल्या. समोर टेबलावर कुणाचा तरी करपलेला कुकर ठेवला होता. काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कुकरमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाले, "आधी पाणी तापत ठेवा."