बडगीवरची चिठ्ठी

स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरणारा माणूस साऱ्या पिंप्राळ्यात एकच, आमचे शेजारी नाना. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर ते इटलीला लेकीकडे जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांचे घर कामातून गेले. लोक परदेशातून चॉकलेट आणतात, नानांनी संग्रहालय आणले. जावयाने त्यांना एका कॅथलिक संताचे जन्मघर दाखवले होते. दोन खोल्या, एक पाळणा, एक पेला, संताच्या आईचा लाकडी डाव आणि प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी. सोन्याचांदीच्या अपेक्षेने गेलेले नाना त्या डावापुढे अर्धा तास उभे राहिले. जावयाला वाटले, सासऱ्यांना भोवळ आली.

परतल्यावर त्यांच्या घरात चिठ्ठ्या उगवल्या. 'नानांची पहिली सायकल.' 'नानांचा रात्रपाळीचा डबा.' संताची उणीव त्यांनी अशी घरच्या घरी भरून काढली. जन्म भडगावचा, त्यामुळे या घरावर 'जन्मस्थान' लिहिता येत नाही, याचे त्यांना मनापासून वाईट वाटे. मी एकदा आरामखुर्चीत बसलो, तर त्यांनी अदबीने उठवून मला स्टुलावर बसवले. स्टूल अजून ऐतिहासिक व्हायचे होते.

खरा तंटा होता अक्कांशी, म्हणजे त्यांच्या पत्नीशी. ज्या लाकडी बडगीत अक्का वांग्याचे भरीत ठेचत, तिच्याभोवती नानांनी दोरी बांधली आणि 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. अक्का रोज दोरी सोडत, भरीत ठेचत, बडगी धुऊन जागेवर ठेवत. नाना रोज दोरी बांधत. एकदा माझ्यादेखत अक्कांनी आपल्या वस्तू अशा का मांडून ठेवल्या म्हणून जाब विचारला, "मी मरी गयी का? मन्या वस्तू काब्र मांडी ठेव्यात?" नाना चिठ्ठी सरळ करत राहिले.

गेल्या हिवाळ्यात अक्का खरोखरच गेल्या. भांडीकुंडी वाटून टाकून वडिलांना सोबत न्यायचे, असे ठरवून लेक आली होती. नाना गेले नाहीत आणि एक चमचाही त्यांनी कुणाला नेऊ दिला नाही. आता बडगीला काचेचे कपाट मिळाले असणार, असे मनाशी कुत्सितपणे म्हणत मी महिन्याभराने त्यांच्याकडे गेलो. घरात एकही चिठ्ठी नव्हती. नाना जमिनीवर बसून बडगीत भरीत ठेचत होते, तेही सवय नसलेल्या हाताने. मी काही विचारण्याआधीच बडगी हुंगून इटलीतल्या डावाबद्दल म्हणाले, "त्या डावले कसानाच वास नव्हता. हाई बडगीले आजून शे."

मग त्यांनी मला आरामखुर्चीत बसवले आणि ताट हातात दिले. भरतात मीठ नव्हते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले.