दुकानामागची चूल

त्या सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि समोर पाहिलं, तर हमीदभाऊंच्या मटणाच्या दुकानापुढे कुत्री बसलेली. भांडत नव्हती, भुंकत नव्हती, नुसती बसली होती. दुकान बंद. कुरखेड्याच्या बाजारात ते दुकान एवढ्या उशिरापर्यंत बंद राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारचा किराणावाला जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "शोभाबाई, हमीदभाऊ गेले. पहाटे, झोपेतच." मी शटर परत खाली ओढलं. त्याला आता महिना होत आला... पण ब्लाऊज शिवता शिवता माझी मान अजून आपोआप वर होते आणि नजर समोर जाते.

आमच्या ओळखीचं लोकांना भारी नवल वाटायचं. मी शिवणकाम करणारी, आमच्या घरात मटण तर सोडाच, अंडंही येत नाही. आणि हा गृहस्थ बरोबर माझ्या समोर सोललेले बकरे टांगून बसलेला. मी दुकान थाटलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात दाराला जाड पडदा लावला. त्यांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बाजूने, टांगलेल्या बकऱ्यांपुढे, धुतलेलं तरट लोंबत होतं. रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "तुमी पडदा काढा, बाई. अंधारात शिवान तं डोये जातीन. माहा माल मी झाकतो." तेव्हापासून हॉटेलातून चहा मागवला की दोन ग्लास यायचे, एक त्यांचा, एक माझा. पैसे कोणी द्यायचे यावरून आम्ही दोघं रोज भांडायचो आणि रोज तेच जिंकायचे.

माणूस धंद्यात सरळ. इतका सरळ, की मी तोंडावर येडा म्हणायची. बकऱ्याच्या कलेजीत कधीकधी पाण्याने भरलेले पांढरे फुगे निघतात. कुठे बोराएवढे, कुठे लिंबाएवढे. दुसरे खाटीक तेवढं कापून टाकतात आणि उरलेली कलेजी विकतात. हमीदभाऊ अख्खी कलेजी बाजूला काढायचे. जे माझ्या घरी जाणार नाही ते गिऱ्हाइकाच्या घरी काऊन पाठवू, असं त्यांचं म्हणणं. मग ती कलेजी जायची मागच्या दारी, कुत्र्यांपुढे. तिथे बाजारातली सगळी बेवारशी कुत्री जमायची. हमीदभाऊंनी त्यांना नावं दिलेली. एक ठाणेदार, एक गुरुजी, आणि सगळ्यांवर गुरगुरणारी एक कुत्री होती, ती सरपंचीण. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हा माणूस त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचा आणि तेच हात लुंगीला पुसून चहाचा ग्लास उचलायचा. मी ओरडायची. ते हसायचे. हातावर काय विष आहे का, म्हणायचे.

मग छातीचं सुरू झालं. माझ्या मशीनजवळ स्टुलावर बसले होते. मशीन धावत होती, मध्येच दोरा अडकून टाका सुटला आणि मी थांबले. तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले, "शोभाबाई, इथीबी असंच होऊन राह्यलं. चालते चालते, आन् मधीच एखादा टाका सोडते." आम्ही गॅस समजलो. तंबाखूचा दोष समजलो. ओवा, काळं मीठ, सगळं झालं. पुढे एका बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकाला मटण तोलून देता देता, तराजू हातात असतानाच ते खाली कोसळले. त्यांच्या बायकोला, जुलेखाभाभीला घेऊन मी गाडीत बसले. गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं.

नागपूरला हृदयाची सोनोग्राफी झाली आणि हृदयाच्या भिंतीत पाण्याची एक पिशवी दिसली. डॉक्टरीणबाई मोठ्या सोशिक होत्या, आम्हा तिघांना बसवून समजावलं. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक किडा असतो. त्याची अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात, हाताला लागतात, हातातून पोटात जातात. तिथून रक्तात. बहुतेक वेळा ती यकृतात नाही तर फुप्फुसात जाऊन बसतात, क्वचित कोणाच्या हृदयात. मग वर्षानुवर्षं पिशवी हळूहळू वाढत राहते, दुखत नाही की खुपत नाही. पण हृदयाला ठोका देणारी विजेची वाट ज्या भिंतीतून जाते, तिथेच ही पिशवी वाढली आणि ठोका चुकायला लागला. हमीदभाऊ शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "बकऱ्याच्या कलेजीत रायते, तशीच पिशवी काय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीच. कुत्र्याने तशी कच्ची कलेजी खाल्ली की तो किडा त्याच्या पोटात जातो.

हमीदभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना मी पहिल्यांदा पाहिले. गिऱ्हाइकाला देत नाही म्हणून ज्या इमानाने ते फेकत होते, तेच फिरून त्यांच्या छातीत येऊन बसलं होतं. देवा रे, मला तर कोणावर चिडावं तेच कळेना!

ऑपरेशन झालं, पिशवी निघाली. पण तिथे वण राहिला, आणि त्या वणाला अडखळत ठोका कधी धावायचा, कधी थबकायचा. गोळ्या जन्मभराच्या, आणि तरीही हमी नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी आल्यावर भाभीने पहिलं काय केलं असेल, तर मागच्या दाराला कडी घातली. बाजारातही कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे कुत्री गावाबाहेर सोडून या, कोणी म्हणे पिठाच्या गोळ्यात औषध घालून टाका, एकदाचा निकाल लागेल. भाभीने माझ्यासमोर नवऱ्याला सांगितलं की आता या घरी एक तर कुत्री राहतील नाही तर ती. हमीदभाऊ खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "त्यायनं मले नाई देल्लं, जुलेखा. मीच त्यायले देल्लं."

उठून बसता आल्यावर त्यांनी दुकानामागे, घराच्या परसात, तीन दगडांची चूल मांडली. त्यावर अॅल्युमिनियमचा मोठा गंज, म्हणजे पातेलं. फुग्यांची कलेजी खोल खड्ड्यात पुरायची, बाकी उरलंसुरलं त्या गंजात चांगलं रटरटेपर्यंत शिजवायचं, आणि मगच कुत्र्यांना. जनावरांच्या दवाखान्यातून किड्याच्या गोळ्या आणून भाताच्या मुटक्यात घालून प्रत्येकाला चारायच्या. मग माझ्या नळावर येऊन कोपरापर्यंत साबण लावायचा. इतर खाटीक हसायचे, हमीदने कुत्र्यांची खानावळ उघडली म्हणायचे. खेड्यापाड्यांतून नवसाचा बकरा कापायला बोलावणं आलं तर आधी खड्डा खणायला लावायचे. खड्डा नाही तर सुरी नाही. लोक कुरकुरायचे आणि खणायचे.

भाभीने मात्र त्या चुलीला कधी हात लावला नाही. तिकडे धूर निघाला की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. दुपारी ते आडवे झाले की त्यांच्या छातीवर हात ठेवून बसायची. मला एकदा म्हणाली, "ठोका थांबला का माहाबी थांबते, बाई. अन् मंग तो आला, का मी श्वास घेतो." असं म्हणणाऱ्या बाईला, कुत्र्यांना माफ कर, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नाही सांगितलं. मलाही त्या कुत्र्यांचा रागच होता.

शेवटची भेट जाण्याच्या आदल्या संध्याकाळची. स्टुलावर बसले होते, चेहरा उतरलेला. मी मशीन थांबवली तर म्हणाले, "चालू ठेवा बाई, आयकाले बरं वाटते." थोड्या वेळाने विचारलं, माझ्यामागे कुत्र्यांना शिजवून कोण घालेल? मी म्हटलं, माझ्याकडे पाहू नका, मी वासानेच पडेन. खूप हसले. मग हसता हसता छातीवर हात ठेवला, आणि आम्ही दोघंही तो ठोका परत येईपर्यंत थांबलो... आला. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

आता पुतण्या दुकान चालवतो. बरा मुलगा आहे, पण घाईचा. मला वाटलं होतं, आता परत मागच्या दारातून कच्चं फेकणं सुरू होणार. परवा भाभीला भेटायला गेले. नवऱ्यामागे पाळायची तिची इद्दत चालू आहे, तेवढे महिने ती घराबाहेर पडत नाही. गल्लीतून परसाकडे वळले तर धूर दिसला. पांढऱ्या ओढणीचं टोक नाकाला लावून भाभी चुलीपुढे बसली होती. गंजात रटरट चाललं होतं. पलीकडे ठाणेदार, गुरुजी, सरपंचीण ओळीने बसलेले. ठाणेदार पुढे सरकला तशी तिने ढवळायचा डाव उगारला.

"माणूस खाल्ला माहा, आन् आता धीर नाई निंगत काय? बस तिथी. कच्चं नाई भेटन."

तो बसला. भाभी माझ्याकडे पाहत नव्हती. धुराने म्हणा की कशाने, तिचे डोळे वाहत होते, आणि ती ढवळत होती. मी तिच्या शेजारी बसले, नाकाला पदर लावला, आणि विझत आलेलं लाकूड आत सरकवलं.